मावशींनी माझं नाव लिहिलं

आमच्या लॉन्ड्रीत कुणाच्या ओळखीवर अर्ज करणं म्हणजे गंमत नाही. बाहेर लोक ‘अमक्याचं नाव लिहिलंय, तमक्याची ओळख आहे’ म्हणतात आणि चहा पिऊन मोकळे होतात. आमच्याकडे अर्जावर ओळखीची म्हणून जिचं नाव असेल तिला साहेब आत बोलावतात आणि एकच विचारतात, “हिला जोडीला घ्याल का?” मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही ना. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, हात डोक्यावर नेऊन झटकायची, ताणायची, आणि घडी घालत चालत जवळ यायचं. तासाला दीडशे चादरी. कमी पडल्या की शेरा दोघींच्याही कार्डावर, मग चूक कुणाची का असेना. ओळख दिली की ते माणूस तुमच्या गळ्यातच.

वीस वर्षांपूर्वी माझ्या अर्जावर मी मावशींचं नाव लिहिलं होतं. माझी मावशी नव्हे हो, सगळ्या लॉन्ड्रीची. आमच्या गल्लीत राहायच्या, तेवढीच ओळख. माझी लेक तेव्हा चार महिन्यांची होती आणि मी उभ्या उभ्या पेंगायची. तरी त्यांनी मला घेतलं. पहिल्याच महिन्यात माझ्या पायी त्यांच्या कार्डावर सहा शेरे पडले. मी तोंडानं मात्र भारी. चादर भाजते म्हणून चिडायची, वाफ डोळ्यात जाते म्हणून चिडायची. त्या मला तडतडी म्हणायच्या. “तडतडे, तोंड चालव, पण हातही चालू दे की गं!” बस, एवढंच. त्या वर्षी त्या मुकादम होणार होत्या आणि शेऱ्यांमुळे राहिल्या, हे मला पुढे दुसऱ्याच बाईकडून कळलं. त्यांनी स्वतः चकार शब्द काढला नाही. सोळा वर्षं आम्ही एका टेबलावर काढली.

चार वर्षांपूर्वी नवरा अंथरुणाला खिळला म्हणून त्यांनी काम सोडलं. तो गेला, पाठोपाठ भाड्याची खोली गेली, आणि मावशी लेकीकडे राहायला आल्या. जावई काही वाईट नाही. पण बाहेरच्या खोलीत झोपायचं आणि तो उठायच्या आत अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात बसायचं, हे किती दिवस? भेटल्या की म्हणायच्या, “एक खोली हवी गं. दार माझं मी लावून घेईन अशी.” त्यासाठी कामाला लागायचं होतं त्यांना. गेल्या महिन्यात रस्त्यात भेटल्या तेव्हा पिशवी डाव्या हातात होती. कपाळावरचे केस मागे सारायला उजवा हात उचलला, तो खांद्यापाशीच अडला. मी बघितलं, पण बोलले नाही.

आणि परवा सकाळी, कामाची पाळी सुरू होते न होते तोच साहेबांचा निरोप आला.

साहेब नवे आहेत, तिशीतले. तीन शेरे झाले की घरी, हा नियम त्यांचाच. माझे दोन झालेत. माझी जोडीदारीण गाव सोडून गेल्यापासून मी रोज हाताला लागेल तिच्याबरोबर घड्या घालतेय. पाळी सुटेपर्यंत पाय माझे राहत नाहीत. त्यात टेबलावर मावशींचा अर्ज.

“ताई, यांना ओळखता?”

ओळखते म्हणजे काय! मी सुरूच झाले. एक दिवस खाडा नाही, कुठला डाग कशानं जातो ते तोंडपाठ, घडी अशी की कड कडेला चिकटलेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते ठीक आहे. जोडीला घ्याल का?”

खरं सांगते, मला राग आला. मावशींचाच आला. न विचारता नाव टाकलंच कसं? एका शब्दानं सांगायचं तरी! मी नाही म्हणणार नाही हे धरूनच चालल्या असतील, असं मनात आलं, आणि त्या रागात मी बोलून गेले, “त्यांचा उजवा हात वर जात नाही, साहेब.”

हाताचं कुणी विचारलंही नव्हतं.

साहेबांनी मान डोलावली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. “बोलणं झालं म्हणून इथे नावापुढे सही करा.” मी पेन टेकवलं, तेव्हा दिसलं. माझ्या नावाखाली मावशींच्या वाकड्या, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रकाना भरावाच लागतो म्हणून नाव दिले आहे. हिला बोलावून विचारू नये. माझे काम बघून ठरवावे.’

“साहेब, हे वाचलंत का?”

त्यांनी वाकून पाहिलं. “अहो, नावाच्या रकान्यात आम्ही नावच बघतो.”

‘घेते मी’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ काही कापली गेली नव्हती माझी. पण ते दोन शेरे, लेकीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष, माझे दुखरे गुडघे, सगळं एकदम समोर उभं राहिलं. लाज वाटली, फार वाटली. आणि मी सही केली.

दुपारी पाळी सुटली तेव्हा मावशी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या होत्या. कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर पिशवी. सकाळपासून तिथेच असाव्यात.

“जागा नाही म्हणाले,” त्या म्हणाल्या. “एका चादरीची घडी तरी घालून दाखवते म्हटलं, तर तेही नको म्हणाले.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला नाही ना बोलावलं? मी लिहिलं होतं तसं.”

“नाही, मावशी. मला कुणी काही विचारलंच नाही.”

“सुटले बाई! मला तीच काळजी. तू नुसती तोंडाची तडतडी. विचारलं असतं तर हो म्हणून बसली असतीस.”

आणि उठायला आधार हवा म्हणून त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला.