चार बोटं उंची

धारमध्ये रघुजी ड्रायव्हर म्हटलं की लोक आधी हसायचे, मग विचारायचे, "तोच ना, उंच जीपवाला?" हसणाऱ्यांचं काय जातंय म्हणा! पण ती उंची रघुजीनं स्वतःच्या हातानं दिली होती, आणि तीच पुढं त्याच्या मुळावर आली.

रघुजीचा बाप खंडोजीरावांच्या घरचा माहूत. हे खंडोजीराव म्हणजे कुणी राजे-बिजे नव्हेत, जुन्या दरबारातले एक लहानसे मानकरी. पण दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालायचा मान त्यांच्या घराचा, आणि तो हत्तीवरून चालायचा. सत्तरच्या सुमारास हत्ती गेला. मग त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. पहिल्याच दसऱ्याला जीपमध्ये बसून मागं वळून बघतात तो काय, भाऊबंदांची घोडी यांच्या डोक्याच्या वर! खंडोजीरावांचा उतरलेला चेहरा रघुजीला बघवला नाही. दिवाळीच्या आत त्यानं जीपच्या स्प्रिंगांत जादा पाटे भरले, मोठी चाकं चढवली, आणि गाडी अशी उंच केली की खंडोजीरावांना दोन माणसांनी बखोटीला धरून आत चढवावं लागे. मालक बेहद्द खूष. "मानकरी आपला आपण चढत नसतो, त्याला चढवतात," असं ते येईल त्याला ऐकवायचे. त्यांच्या वडिलांनाही हत्तीवर असंच चढवत.

हौस झाली खरी, पण गाडी तेव्हापासून जराशी हलायचीच, आणि काही वर्षांत तिनं खरा रंग दाखवला. जागेवरून हलली की हीव भरल्यासारखी थडथडायची, आणि चढावर तर विचारूच नका. मिरवणूक म्हणजे दर चार पावलांवर थांबणं नि पुन्हा निघणं. अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला तर प्रत्येक वेळी खंडोजीरावांची पगडी घसरून कपाळावर यायची आणि रस्त्याच्या दोन्ही कडेला खसखस पिकायची. संध्याकाळी त्यांनी रघुजीला समोर उभं केलं.

"पुढच्या दसऱ्याला गाडी अशीच हलली, तर मी निघणार नाही."

ते निघाले नाहीत तर मान भाऊबंदांकडे जाणार, आणि एकदा गेलेला मान परत कोण देतो? एवढंच नाही. त्या एका दिवसासाठी जीप होती, आणि जीप होती म्हणून रघुजी होता. दुसरं त्याला येत काय होतं?

मग वर्षभर बिचाऱ्यानं त्या गाडीचा पिच्छा पुरवला. चाकं अदलून बदलून बघितली. गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन रेस केलं, तर थडथड नाही. म्हणजे इंजिन निर्दोष. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट काढून सरळ करून आणला, त्याच्या दोन्ही टोकांचे जॉइंट नवे घातले. थडथड जशीच्या तशी. गॅरेजवाले म्हणायला लागले, "भिया, इसको तो झाडफूंक लगेगी." रघुजीनं तेही केलं, लिंबू-मिरची बांधली. आता बोला.

शेवटी देवासहून शरद आला. हा बकुळेचा, म्हणजे रघुजीच्या बायकोचा, मावसभाऊ. तिथल्या एका कारखान्यात फिटर होता. रविवारभर तो गाडीखाली आडवा पडून होता. बाहेर आला तो हात पुसत म्हणाला, "दाजी, खराब काहीच नाही. तुम्ही गाडी वर नेली, तिच्याबरोबर गिअरबॉक्स वर गेला. मागची धुरी, चाकं जोडणारा आस, चाकांपाशी खालीच राहिली. मधला शाफ्ट पार तिरका झालाय. त्या जॉइंटनं वाकून वाकून किती वाकावं? झटके देणारच."

पाचर ठोकून धुरी जरा वर वळवून बघितली, तर एक जॉइंट सुधारला, दुसरा बिघडला. उंची कमी केल्याशिवाय इलाज नव्हता. रघुजीनं भीत भीत मालकांना विचारलं.

"हलताही कामा नये," खंडोजीराव म्हणाले, "आणि एक बोटभरही उतरता कामा नये."

दसरा तोंडावर आला तेव्हा रघुजीनं मन घट्ट करून कुणाला न सांगता जादा पाटे काढून टाकले. चार बोटंच तर गेली. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार? वरून सीटवर एक जाड गादी टाकली, झेंडूच्या माळांनी बॉनेट झाकलं. धामनोदकडच्या चढावर गाडी नेऊन बघितली. अहो, लोण्यासारखी चालली! रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो एकटाच हसत बसला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता.

दसऱ्याला ढोल-ताशे दारात आले. खंडोजीराव पगडी बांधून बाहेर आले. नेहमीची दोन माणसं बखोटीला धरायला पुढं झाली, पण त्याआधीच मालकांनी सवयीनं उचललेला पाय फूटबोर्डावर टेकला. आपोआप टेकला. एक पाय खाली, एक वर, असे ते तसेच उभे राहिले. माणसांचे हात अधांतरी.

"कमी केलीस?"

"सरकार, चारच बोटं. आता बिलकुल हलत नाही. बसून तर बघा."

खंडोजीरावांनी पाय खाली घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "भाऊबंदांना निरोप दे, निघा म्हणावं," एवढं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

ढोल पुढं गेले, घोडी पुढं गेली. रघुजी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. इंजिन चालू होतं, ते बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी बकुळेनं आपट्याची पानं त्याच्या हातात दिली. "जा, सरकारांना सोनं देऊन या. सणाचा दिवस आहे, रागावणार नाहीत."

"कुठल्या तोंडानं जाऊ?" रघुजी म्हणाला. "थडथडत्या गाडीत बसले असते गं ते. निघणार नाही म्हणाले होते, तरी शिव्या देत देत बसलेच असते. खाली मी उतरवलं त्यांना."