फोटोपुरती खुर्ची

मी उठले तशी त्यांनी खुर्ची धुतली.

माझ्यासमोर. शाळेच्या अंगणात. धन्यांच्या गड्यानं बादलीभर पाणी वतलं, पाठ घासली, बसायची जागा घासली. पाणी माझ्या पायांपतोर आलं. मीच पाय मागं घेतले. का घेतले, कुणास ठाऊक.

त्या दिवशी गावात शांतता सभा व्हती. मागल्या जत्रंत आमच्या केरीतली, म्हंजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतली पोरं पालखीम्होरं नाचली, म्हणून त्यांना काठ्यांनी हाणलं. माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला. अजून त्याला कुऱ्हाड पेलत न्हाई. औंदा तसं घडू नये म्हणून सरकारनं जत्रंआधीच दोन्हीकडच्यांना एकत्र बसवायचं ठरवलं. तालुक्याचे साहेब जीप घेऊन आले. केरीकडनं माझं नाव धन्यांनीच दिलं. गावचे पुढारी ते. बाईमाणूस, बोलायची न्हाई, असा हिशेब.

सभाभर मी दाराशी गोणपाटावर. साहेबांनी विचारलं, "कुणाची काय तक्रार?"

धनी हसले. "कसली तक्रार साहेब? ही आमच्या घरचीच माणसं."

मग फोटो. धन्यांनी बोटानं बोलावलं. "ये गं, बस हितं. फोटोपुरतं."

बसले. फोटो निघाला. साहेब जीपकडं वळले.

"ऊठ आता."

आन मग ते पाणी.

भाऊ कुंपणापलीकडनं बघत व्हता. त्यानं मान खाली घातली. ती मान बघितली आन माझ्या अंगाची आग आग झाली. पळत गेले, जीपम्होरं उभी ऱ्हायले.

"का गं अक्का? काय झालं?" साहेब म्हणाले.

"मागं वळून बघा साहेब. मी बसलेली खुर्ची धुत्यात."

साहेबांनी बघितलं. गड्याच्या हातात बादली तशीच.

"माझ्या भावाचा हात ह्यांनीच मोडला. गाव शांत न्हाई साहेब. आमी गप हाय."

"तोंड आवर!" मागनं धनी.

"न्हाई आवरत."

साहेबांनी कपाळ पुसलं. हळूच म्हणाले, "जत्रा तोंडावर हाय अक्का. आता जुनं काढलं तर परत पेटंल." आन जीप गेली.

मी थांबले न्हाई. भावाला घेऊन ठाणं गाठलं, तक्रार दिली. पोच हातात पडल्याबिगर उठले न्हाई. त्या आठवड्यापास्नं गावच्या गिरणीत आमचं दळण घेत न्हाईत. आमी बायका डबे घेऊन बसनं रामनगरला जातो. झोप लागत न्हाई. कुत्रं भुंकलं तरी उठून बसते.

काल धन्यांचा माणूस दारात आला. तक्रार मागं घे, म्हणाला, औंदा केरीतल्या दोघांना पालखीम्होरं नाचू देतो.

देतो!

मी उंबऱ्यावरनंच सांगितलं, "तक्रार ऱ्हाणार. दोघं न्हाई, सगळी केरी नाचणार. आन म्होरं मी असणार. जाऊन सांग."