डावीकडचा आवाज

तारोडीच्या नाथाला मशीनबद्दल कुणी काही विचारलं, की तो एकच मंत्र द्यायचा: संशयाचा पार्ट काढ आणि दुसऱ्या जागी बसव. बिघाड पार्टबरोबर गेला, तर पार्ट खराब. जागेवरच राहिला, तर दुखणं जागेचं. बावीस वर्षं तो मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळत होता. स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवायचा, त्याची मूठ डाव्या कानाला लावायची, की रोग कळलाच.

त्या दुपारी लेकीने, पायलने, दिलेले इअरबड घालून तो ओटीवर बसला होता. ढोलकी दोन्ही कानांत घुमत होती, पण गाणाऱ्या बाईचा आवाज डावीकडून मधूनच विरून जायचा. नाथाने टूथब्रशने जाळी साफ केली, बड पुन्हा चार्ज केले, फोनची जोडणी तोडून नव्याने केली. बाई काही डावीकडे येईना. मग त्याने कंपनीला शिव्या घातल्या. एवढा सगळा खटाटोप केला, पण स्वतःचा मंत्र तेवढा वापरला नाही. डावा बड उजव्या कानात घालायला हातच धजेना.

"इकडं द्या," त्याची बायको कृष्णाबाई तांदूळ निवडायचे सोडून म्हणाली. दोन्ही बड घालून ती मान डोलवू लागली. "चांगलं वाजतंय की. दोन्हीकून सारखं. काय पन बिघाड न्हाय."

म्हणजे दुखणं जागेचं होतं, नाथाच्या डाव्या कानाचं. सकाळीच बंदरावर त्याने इंजिन ऐकलं होतं आणि "मशीन चोख हाय" असं बोट चालवणाऱ्या तांडेलाला, गुणवंतला, छातीठोकपणे सांगितलं होतं. पावसाळ्याच्या बंदीनंतरची पहिली फेरी. समुद्राला नारळ सोडून झाला, बर्फ भरून झाला. उद्या पहाटे आठ जण निघणार होते, त्यांत पायलचा नवरा शिवाही होता. खराब इंजिनची टकटक त्या बाईच्या आवाजासारखीच बारीक असते. सकाळी ती होती की नव्हती, हे नाथाला आता सांगता येत नव्हतं. जाऊन उजव्या कानाने ऐकावं म्हटलं, तर त्याच्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा?

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाही कळत होतं. मूठ उघडली, की कुठल्याच बोटीवर त्याला कुणी घेणार नव्हतं, आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. पण समुद्रात मध्येच बंद पडलेली बोट त्याने पूर्वी पाहिली होती. त्याला भीती वाटत होती, सरळ भीती, आणि त्याच भीतीने त्याने गुणवंतला फोन लावला.

"दादा, उद्या बोट काढू नको."

"का रं? सकाळी तर चोख म्हनालास."

"दुसऱ्या कुनाला तरी मशीन ऐकव. माझा कान गेलाय."

 गुणवंतने विचारलं, "कवापासून?"

नाथाला ते ठाऊक नव्हतं. गेल्या मोसमातल्या सगळ्या फेऱ्या त्याच्या डोळ्यांपुढे एकेक करून येऊ लागल्या.