ऑपरेटर आजींचा कान

ऑपरेटर आजींशी फोनवर खोटं बोलून सुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः तर पहिल्याच दिवशी पकडले गेले. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. नवरा, अमोल, ऑफिसला गेलेला, मी घरात एकटी, आणि सकाळी सकाळी फोन वाजला. पलीकडे एक खणखणीत म्हातारा आवाज. इंग्रजीच, पण अमेरिकन नव्हे. "मी खालच्या मजल्यावरची थेल्मा. तुझ्या नवऱ्यानं लॉन्ड्रीत नंबर दिला. कशी आहेस?" मी म्हटलं, एकदम छान. "छान असलेला माणूस एवढ्या घाईनं छान म्हणत नाही. आणि तू उभी आहेस. बस आधी. बसलीस? आता सांग." आणि मी काय करावं? बसले, आणि ओळख ना पाळख अशा बाईला सगळं सांगून टाकलं. वर्क परमिट नाही, दिवसभर भिंती बघते, नागपूरची आठवण येते. पाऊण तास.

त्या ऑस्ट्रेलियातल्या, मरे नदीच्या काठावरच्या एका लहानशा गावातल्या. शाळा संपली तशा तिथल्या पोस्टात टेलिफोन एक्सचेंजवर बसल्या. पुढे धरणाच्या कामावर आलेला एक अमेरिकन इंजिनीयर रोज मेलबर्नला ट्रंक कॉल लावायला लागला. त्याचा चेहरा दिसायच्या आधी त्याचा आवाज आजींना आवडून बसला होता. त्याच्याबरोबर न्यू जर्सीत आल्या त्या कायमच्या. तो गेल्यावरही इथेच राहिल्या. आम्ही मराठी मंडळी त्यांना ऑपरेटर आजी म्हणायचो, आणि त्यांना ते नाव थेल्मापेक्षा जास्त आवडायचं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

त्या एक्सचेंजच्या बोर्डाचं वर्णन त्या करायला लागल्या की माझी पोळी तव्यावर करपायची. गावातल्या प्रत्येक घराचं एक भोक. कुणी घरी हँडल फिरवलं की बोर्डावरची एक टिकली पडायची, मग पिन खोचून विचारायचं, कोण हवंय. नंबर कुणी सांगतच नसे. "थेल्मा, बहिणीला दे," झालं. डॉक्टर हवे असले तर खिडकीतून बघून सांगायच्या, "आत्ताच बेकरीत शिरलेत, पाव घेऊन निघाले की हाक मारते." टिकली कशी पडली यावरूनसुद्धा म्हणे कळायचं, घरात भांडण आहे की पाहुणे. मी आयटीवाल्याची बायको, स्वतःही कॉम्प्युटर शिकलेली. माझा विश्वास बसेना. पण बसवून घ्यावा लागला.

गावाबद्दल त्या बोलायच्या ते आपण माहेराबद्दल बोलतो तसं. उन्हाळ्यात सगळं गाव व्हरांड्यात झोपायचं, ओल्या चादरी बांधून. जर्दाळूच्या दिवसांत फळं चिरून चिरून बायापोरींची बोटं पिवळी व्हायची, आणि शनिवारच्या नाचाला तशाच बोटांनी जायच्या. लाकूड वाहणारी शेवटची आगबोट भोंगा देत वळणावर आली की मास्तर स्वतःच वर्ग सोडून द्यायचे. "आमची नदी इतकी संथ," त्या म्हणायच्या, "की कुठल्या बाजूला वाहते ते बघायला काडी टाकावी लागायची." पूरसुद्धा आधी कळवून यायचा. वरच्या गावची ऑपरेटर फोन करायची, आमच्याकडे एवढं चढलं. मग आजी खालच्या गावाला, आणि काठावरच्या एकेका मळ्याला. वरून आलेलं खाली सांगायचं, मधे अडवून धरायचं नाही, असा त्यांचा नियम. पिस्कॅटवेत पूर नसला तरी सकाळचे फोन त्यांनी सोडले नाहीत. अपार्टमेंटमधला जो जो एकटा, त्याला त्याला फोन. आमच्या सोसायटीतली पोरं हसायची, "हू कॉल्स एनीमोअर, आजी?" आजी म्हणायच्या, "मी करते. तू उचल."

पण त्या गावावर जीव असूनही त्या त्याला साखर लावत नसत. एकदा अशाच रंगात आल्या होत्या आणि मधेच थांबल्या. म्हणाल्या, "गावाबाहेर, कचरा टाकायच्या जागेच्या पलीकडे, तिथले मूळचे लोक राहायचे. नदी त्यांची, आमच्या आधीपासून. त्यांच्या घरांसाठी माझ्या बोर्डावर भोकच नव्हतं. छान गाव म्हणताना हेही म्हणायचं, नाहीतर छान म्हणायचं नाही." मी हे बाबांना नागपूरला फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तिथंही आपल्यासारखंच की. पण ही बाई मोठी आहे. स्वतःहून सांगितलं तिनं."

बाबांची आणि आजींची ओळख अशीच माझ्या फोनवर झाली. मी स्पीकरवर बोलत होते, आजी शेजारी चहा घेत बसलेल्या. बाबा नेहमीप्रमाणे "जयभीम, काय म्हणतं अमेरिका?" असं सुरू झाले आणि आजींनी कप खाली ठेवला. फोन झाल्यावर म्हणाल्या, "या माणसानं पुष्कळ वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काम केलंय. वाक्याच्या शेवटी आवाज वर नेतो, पलीकडच्याला ऐकू जावं म्हणून. आणि छातीत धूळ आहे." बाबा आयुष्यभर कापडगिरणीत मागावर होते. मी एका शब्दानं कधी सांगितलं नव्हतं. बाबांना कळवलं तर ते म्हणाले, "बाप्पा, बाई आहे का काय आहे ही."

मग दर रविवारी दोघांचं ठरलेलं. "जयभीम, थेल्मा." "जयभीम, बाबा." बाबांना इंग्रजी यथातथाच, आजींना मराठी तेवढं एकच. पण दोघं बोलायचे, काय ते त्यांनाच ठाऊक. आणि आजींनी गृहीत धरलं की मराठीत नमस्कार म्हणजे हाच. संक्रांतीला मी त्यांना मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. हॉलच्या दारातून त्या काठी टेकत आत शिरल्या आणि समोर येईल त्याला खणखणीत आवाजात, "जयभीम! जयभीम!" मला एकीकडे हसू आवरेना, दुसरीकडे भीती. कुणी घाईघाईनं नमस्कार म्हणालं. एका काकूंचं हसू तोंडावर होतं तिथेच राहिलं. आणि आतून, वडे तळत असलेल्या माणसानं झारा हातात घेऊन बाहेर येऊन म्हटलं, "जयभीम, आजी." अमरावतीचा निघाला. आम्ही त्याला तीन वर्षं ओळखत होतो आणि ना त्याला आमचं माहीत, ना आम्हाला त्याचं. परतताना गाडीत आजी म्हणाल्या, "मी काहीतरी वेगळीच लाईन जोडली ना? शांततेचा आवाज बदलला." मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं मग. कोण कुठे आहे ते कळलं." पुढच्या वर्षीही त्या तसंच म्हणाल्या, आणि जाणूनबुजून.

मला आठवा लागला तेव्हा दादाचा फोन आला. बाबांची फुप्फुसं गेली आहेत, हॉस्पिटलनं घरी न्यायला सांगितलंय. माझ्या डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू नको म्हणून बजावलं होतं, बाळाला धोका होता. अमोलनं आणखी दोन डॉक्टरांना विचारलं, तेच उत्तर. मी म्हणजे बाबांची शेंडेफळ. गिरणीची पाळी संपवून यायचे ते आधी मला शोधायचे, मग चप्पल काढायचे. ते माझ्याशिवाय जातील, आणि मी तेव्हा इथे दूध आणायला दुकानात असेन, एवढंच माझ्या डोक्यात. कुणाशी बोलले नाही. सकाळी आजींचा फोन आला. मी फक्त हॅलो म्हटलं. त्या म्हणाल्या, "कोण?" मी म्हटलं, "बाबा." लिफ्ट बंद होती, तर जिना चढून वर आल्या.

मी म्हटलं, आजी, मी काय करू? जाता येत नाही आणि फोनवर काय बोलणार, त्यांना बोलवतच नाही. तेव्हा त्यांनी मला एका पुरातली गोष्ट सांगितली. पलीकडच्या काठावर एक बाई बाळंत होत होती, घरात फक्त तिची बहीण. नदी सगळीकडे पसरलेली, नदी ओलांडायचा तराफा बांधून ठेवलेला. तारा मात्र शाबूत होत्या. डॉक्टर पोस्टात येऊन आजींच्या शेजारी बसले आणि आजींनी लाईन जोडली. ट्रंक कॉलचा नियम, तीन मिनिटं झाली की मधे बोलून विचारायचं, वाढवायचं का. त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. सकाळपासून दुपारपर्यंत लाईन तशीच. बाळाचं पहिलं रडणं अख्ख्या गावाआधी त्यांनी ऐकलं. पोस्टमास्तर संतापले तर म्हणाल्या, "बाळाला मधेच कसं विचारणार, वाढवायचं का म्हणून?" मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्यातला बराच वेळ कुणी काही बोलत नव्हतं. नुसते होते. तू पण नुसती राहा. भावाला सांग, फोन उशीजवळ ठेव आणि बंद करू नको."

व्हिडिओ त्यांनी लावू दिला नाही. म्हणाल्या, "चित्र असलं की माणसं चेहरा करतात." फोन टेबलावर, शेजारी आजी खुर्चीत डोळे मिटून, आणि मी सोफ्यावर. अमोल रजा टाकून सगळ्यांना खायला घालत होता. नागपूरचं घर असं मी कधी ऐकलंच नव्हतं. कूलरची घरघर, आईच्या बांगड्या, भांडी, दारावर कुणी आलं गेलं. आणि त्या सगळ्याखाली बाबांचा श्वास, करवतीसारखा. मी दमून झोपले तरी आजी ऐकत राहायच्या. एकदा मला उठवून म्हणाल्या, "तुझी आई जेवत नाहीये. ताट घेतलं आणि तसंच ठेवलं." मी दादाला हाक मारून सांगितलं. दादा चकित. म्हणाला, "तुला तिथे बसून कसं कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे नागपुरात उन्हं उतरताना, आजींनी एकाएकी हात वर केला. "आता बोल." मी म्हटलं, झोपलेत ते. "ऐकतायत. पुढे ऐकणार नाहीत. बोल." तिकडे दादा रात्रभर जागून तिथेच खाली कलंडला होता, आई चहा ठेवत होती. श्वासात मला तर काही फरक कळला नाही. मी फोन तोंडाशी धरला. म्हटलं, बाबा, जयभीम. मी आहे इथे. बाळ लाथा मारतंय. मला यायचं होतं बाबा, पण आहे मी, कुठे गेले नाही. असंच काहीबाही, लहान मुलीसारखं. घशातून काहीतरी आलं त्यांच्या. शब्द होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. मी आजींकडे बघितलं. "होता," त्या म्हणाल्या. मग एक श्वास, बराच वेळ काही नाही, अजून एक. आणि मग नुसता कूलर. मी इथून हाक मारली, दादा, ऊठ. बाबा गेले.

त्यानंतरचंही सगळं ऐकलं. आईचा टाहो, शेजारी धावत आले ते, बुद्धवंदना झाली ती. नातेवाईक सगळे गावातलेच. वाट बघण्यासारखी मी एकटीच होते आणि मी येणार नव्हते, म्हणून त्याच रात्री न्यायचं ठरलं. इथे दुपारच्या जेवायची वेळ झालेली. बाबांना उचललं, पावलं दाराबाहेर गेली, आवाज गल्लीच्या टोकाला पोचला आणि ऐकू येईनासा झाला. फोन तिथेच उशीजवळ राहिला होता. रिकामी खोली ऐकत मी बसले होते. बंद करायचं बटण समोर, अंगठा त्याच्यावर, आणि दाबवत नव्हतं. अमोल म्हणाला, राहू दे, मी करतो. मी त्याला हातही लावू दिला नाही.

आजींनी हात पुढे केला. "दे इकडे. बोलणाऱ्यांनी पिन ओढायची नसते, बाळा. ते काम ऑपरेटरचं." मी फोन दिला. त्यांनी एकदा तो कानाला लावला, पलीकडे कुणी नाही ना याची खात्री केली, आणि बटण दाबलं. "त्यांनी ठेवला नाही," त्या म्हणाल्या, "तूही ठेवला नाहीस. मी ठेवला. लक्षात राहू दे."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं. बाबांचा फोन मी आजतागायत ठेवलेला नाही.