शिवण्णाशेजारी घातलेली मांडी

माझा दोस्त शिवण्णा वारला, आणि त्या दिवशी लोकांनी आधी मला उचललं.

शिवण्णा खजुरीचा, मी आळंदचा. शाळेपासूनची दोस्ती. दोघंही सत्तरीला टेकलेले. तो परवापर्यंत शेतात तुरीला पाणी देत होता, आणि मी चप्पल घालायलाही भिंत धरतो. (हे मी कुणाला कळू देत नाही. बायकोला कळतं, पण तिला सगळंच कळतं.) सकाळी फोन आला तसे मी आणि माझी बायको महादेवी मिळेल त्या जीपनं खजुरीला पोचलो.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. शिवण्णालाही भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, पाठ ताठ. जिवंतपणी एवढा ताठ तो कधी बसला नव्हता! मी त्याच्या गळ्यातला हार नीट केला. तेवढ्यात त्याचा थोरला मुलगा मल्लू प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला.

"काका, हिच्यावर बसा. खाली नका बसू."

"कामून? मी काय म्हातारा झालोय व्हय?"

मेलेला माणूस मांडी घालून बसलाय आणि जित्यानं खुर्ची मागायची? मी शिवण्णाला लागूनच जमिनीवर मांडी ठोकली. उजव्या गुडघ्यात कट्कन आवाज झाला. भजनाचे टाळ वाजत होते म्हणून अब्रू राहिली.

पहिल्या भजनाला पाय दुखला. दुसऱ्याला मुंग्या आल्या. तिसऱ्याला मुंग्याही गेल्या आणि पायही गेला!

"उठा आता, न्यायची वेळ झाली," विधी करणारे स्वामी म्हणाले. सगळे उठले. मी जोर केला आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"अगं माय गं!" मी ओरडलो.

"बघा, कसला जीव व्हता दोघांचा!" कुणीतरी म्हणालं.

शिवण्णाची बायको पार्वतीवैनी सकाळपासून दगडासारखी बसली होती. ती उठून आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भावजी, तुम्हीच असं करायलाव तर मी कुणाकडं बघू?" म्हणाली आणि तिचा बांध फुटला. मग घरातल्या सगळ्या बायकांनी हंबरडा फोडला. मल्लू "काकाऽऽ" करत माझ्या गळ्यात पडला. म्हणजे त्याचं सगळं वजन माझ्या त्याच गुडघ्यावर! मी आणखी जोरात ओरडलो. लोक आणखी रडले.

अशात कमठाण्याहून एक म्हातारी अक्का आली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. भिंतीला दोन माणसं मांडी घालून बसलेली. तिनं आणलेला हार सरळ माझ्या गळ्यात घातला आणि पाया पडली!

"अक्का, हे न्हाईत! पलीकडचे!"

"मग हे कामून बसलेत इथं?"

शेवटी महादेवी पदर खोचून पुढं आली. "सरका समदे! दुःख न्हाई ते, गुडघा हाय! मांडी अडकलीया ह्येंची!"

टाळसुद्धा थांबले. चौघांनी मला मांडीसकट उचलून खुर्चीत ठेवलं, आणि मग शिवण्णाला उचललं. पार्वतीवैनी पदरात तोंड लपवून, रडता रडता खुदकन हसली. "ह्ये असते तर पोट धरून हसले असते बघा," म्हणाली.

शेतात खड्ड्यात शिवण्णाला बसवलं. जो तो वाकून बेलाचं पान टाकत होता, माती टाकत होता. मला वाकता येईना. मल्लूनं माझ्या मुठीत माती दिली, मी उभ्यानंच टाकली. ती शिवण्णाच्या खांद्यावर पडली. मी थाप मारायचो, नेमकी तिथं. तेव्हा कळलं, आता मला "ए बश्या" म्हणणारं या जगात कुणी उरलं नाही. आणि मला खरं रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान पोरासारखं.

"धरा, धरा!" लोक धावले. "काकाचा गुडघा परत गेला!"

कुणीतरी खिशातून बाम काढला आणि तिथंच, मातीच्या ढिगाशी बसून माझा पाय चोळायला लागला.

अरे, आत्ताचं रडणं खरं आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण हाताला फार गुण होता त्याच्या. मी रडत रडतच धोतर वर केलं आणि म्हणालो, "जरा वरच्या अंगाला चोळ."