लिताची घाई आणि आर्नेलचा मासा

गिंबाल या समुद्रकाठच्या गावात लिताकडे दुपारचं जाऊ नये, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुपारी ती घरात असायची, पण नसल्यासारखीच. नवरा बोटीवर, मुलगी रोवेना दवाखान्यात कामाला, आणि ही बाई खिडकीपाशी जुन्या कॉम्प्युटरवर हॉटेल चालवत बसलेली. खोटं हॉटेल हो! पडद्यावर गिऱ्हाइकं येणार, त्यांना बसवायचं, काय हवं ते विचारायचं, वाढायचं, ताटं उचलायची, की पुढचं गिऱ्हाईक दारात हजर. प्रत्येकाच्या डोक्यावर पत्त्यांत असतात तसे लाल बदाम. वाट बघायला लावली की एकेक बदाम गळायचा, आणि सगळे गळले की गिऱ्हाईक पाय आपटत चालतं व्हायचं. असं कुणी गेलं की लिता खरोखरची शिवी हासडायची.

"त्या खोट्या माणसांना पोटभर वाढतेस," शेजारून तिची थोरली बहीण पुरिंग ओरडायची, "आणि इथे मांजर केव्हाचं उपाशी बोंबलतंय!"

"थांब गं मानांग, कोपऱ्यातल्या म्हातारीचा शेवटचा बदाम राहिलाय!" लिता थोरलीला मानांग म्हणायची, ताई म्हणावं तसं.

लिता स्वतःला मोठी खेळाडू वगैरे समजत नव्हती. पण या वेळेशी झुंजायच्या खेळांबद्दल तिची मतं अशी पक्की की चर्चमधल्या फादरनी सांगितलं असतं तरी बदलली नसती. शेतीचा खेळ तिला मुळीच पटायचा नाही. "गाईला कोण घाई करतं? ती दूध देईल तेव्हा देईल." पडलेले पूल बांधायचे, लाकडं गोळा करायची, त्याचाही तिला कंटाळा, तिथे वाट बघणारं माणूसच नाही, मग धावायचं कुणासाठी? खेळ हवा तो हॉटेलचा. त्यातही चांगला खेळ तोच, जो पुढची चार कामं आधी सांगितली तरी लक्षात ठेवतो. सांगितलेलं विसरून मध्येच उभी राहणारी वाढपीण दिसली की लिता तो खेळच पुसून टाकायची. आणि सगळ्यात भिकार म्हणजे घड्याळ काढून टाकलेला खेळ, हवा तेवढा वेळ घ्या म्हणणारा. "मग खेळायचं कशाला? झोपा की!"

खरी गोष्ट अशी, की तिला या खेळांचं अचंबा वाटण्याइतकं कौतुक होतं. वेळ तेवढाच. पण एका फेरीत सगळ्यांची ताटं उचलली, हात नीट फिरवला, तर त्यात केवढं मावतं! ती भुरळ पडल्यासारखी बघत राहायची. आपण आयुष्यभर ओट्यापासून टेबलापर्यंत रिकाम्या हातांनी किती वेळा गेलो, असं तिच्या मनात यायचं आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

अशात आर्नेलच्या घरचे रोवेनाला मागणी घालायला येणार असं ठरलं.

रोवेनाचं एक लग्न ठरून मोडलं होतं. त्यानंतर पोरगी हसायची, पण मोजून मापून. आर्नेल भेटल्यापासून स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती, आणि ते ऐकून लिता रोज मेरीमातेपुढे एक जास्तीची मेणबत्ती लावत होती. आर्नेलचे आईवडील साधे. पण त्यांच्या घरात शब्द चालायचा आर्नेलच्या आजीचा, लोला बेनेचा; लोला म्हणजे आजीच. म्हातारी शकुन-अपशकुनाची इतकी पक्की की वाटेत मांजर आडवं गेल्यावर तिने नातीचा साखरपुडा पुढे ढकलला होता, असं सगळे सांगायचे. तिच्या तोंडून होकार निघाला तरच लग्न.

अशी मोठी जेवणं नेहमी पुरिंग सांभाळायची. या वेळी तिचा गुडघा सुजलेला. "मी टेबलाशी बसते नि बोलते. वाढणं तू बघ," ती म्हणाली. लिताला तर हेच हवं होतं. इतक्या दुपारी काय फुकट घालवल्या होत्या?

आणि खरंच, काय वाढलं तिने! तुरीचे दाणे, डुकराचं मटण आणि फणस घातलेलं आंबटसर कालवण, तळलेला बांगुस मासा, वाफाळता भात. कुणाचं भांडं रिकामं राहिलं नाही, कुणाला पाणी मागावं लागलं नाही. लोला बेनेसुद्धा म्हणाली, "बाईचा हात चलाख आहे." लिता फुलून गेली. एकेकाचं ताट रिकामं झालेलं तिने नजरेने टिपलं: लोलाचं, आर्नेलच्या आईवडिलांचं, पुरिंगचं, रोवेनाचं. आता गोड आणायचं. एका फेरीत तिने सगळी ताटं खणाखण एकावर एक रचली आणि वळली.

मागे सगळ्यांचे डोळे आर्नेलच्या ताटाकडे वळले.

आर्नेल जेवत होता. बांगुस म्हणजे नुसते काटे, आणि हा गडी असा, की एकेक काटा वेगळा काढून ताटाच्या काठाला लावल्याशिवाय घास घेत नव्हता. अविवाहित माणूस जेवत असताना ताटं रचली की त्याचं लग्न कधीच होत नाही, हे गिंबालमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत. लिताने स्वतः रोवेनाला लहानपणी यावरून चापट मारली होती. आणि आज, मागणीच्या दिवशी, नवरदेवासमोर!

लोला बेनेने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आम्हाला घालवायची घाई झालेली दिसते, बाई. मुलगा पसंत नसेल तर तोंडाने सांगायचं."

"नाही हो लोला, मी आपली..." लिता म्हणाली. रोवेनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताटं घेऊन पुढे जावं तरी पंचाईत, मागे यावं तरी पंचाईत. ताटांची चळत छातीशी धरून ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय गं लिता," पुरिंग म्हणाली, जणू काहीच झालं नव्हतं, "बघितलीस का ताटं? लग्नाला पुरतील ना अशी?"

लिताने नुसती मान हलवली.

"मग आण परत. जेवण कुठे झालंय अजून?" लिताने चळत परत टेबलावर ठेवली. पुरिंगने हात लांब करून रचलेल्यातलं आपलं खरकटं ताट ओढून घेतलं, त्यात भात घेतला, वर कालवण ओतलं आणि शांतपणे पहिला घास घेतला. मग आर्नेलच्या आईचं ताट तिच्यापुढे ठेवलं, वडिलांचं त्यांच्यापुढे, रोवेनाचं रोवेनापुढे. शेवटी लोला बेनेपुढे ताट ठेवून तिने भाताचं भांडं नुसतं तिच्याकडे सरकवलं. आग्रह नाही, विनवणी नाही. म्हातारी त्या भांड्याकडे बघत राहिली. मग तिने चमचाभर भात घेतला.

"तू पण बस," पुरिंग लिताला म्हणाली.

लिता बसली. आर्नेल बिचारा शरमेने भराभर गिळायला लागला, तशी पुरिंग हसली. "हळू रे राजा. काटा अडकला तर नवरी दवाखान्यातच नेऊन ठेवेल तुला." आर्नेलची आई खुदकन हसली. मग पुरिंगने त्याला विचारलं, माशाचे काटे असे काढायला कुणी शिकवलं? तो म्हणाला, लोलाने. आणि लोला बेने सांगायला लागली, तिचा नवरा मासेमारीला जायचा तेव्हाच्या गोष्टी, वादळाच्या, आणि किनाऱ्यावर बसून वाट बघायच्या. सगळ्यांची पोटं टम्म भरलेली, तरी सगळे थोडं थोडं खात होते. कुणाला काही हवं नव्हतं, कुणी कुठे निघालं नव्हतं.

लिताचे हात मांडीवर शिवशिवत होते. तिने जन्मात अशी गोष्ट पाहिली नव्हती. सुजलेल्या गुडघ्याची ही बाई खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही, आणि मोडत आलेली दुपार तिने भात चावता चावता उभी धरली होती. अगं, ही तर आपली मानांग, शेजारच्या घरात राहते, मांजरावरून भांडते! लिताला एकदम रडू फुटेल असं वाटलं. तिने डोकं खाली घालून भात खाल्ला.

आर्नेलने शेवटचा काटा काठाला लावला, शेवटचा घास घेतला, चमचा आणि काटाचमचा शेजारी शेजारी ठेवले. तरी कुणी हललं नाही. लिताने तर हात पदराखाली लपवावेत तसे टेबलाखाली घट्ट धरून ठेवले होते.

लोला बेनेने नातवाचं ताट नीट निरखलं. मग आपलं ताट उचलून तिने स्वतःच्या हाताने लितापुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता न्या, विहीणबाई."