काना म्हणजे मुलगा

२०१७ साली माझी लेक आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात हिब्रू शिकत होती आणि तोंडी परीक्षेत साफ आपटली होती. तेही आकड्यांवर! फेरपरीक्षेत पुन्हा आपटले तर विषयच सोडते, म्हणाली. आमच्या घरात विषय सोडायचा तर आधी मला ओलांडावं लागतं.

शनिवारी डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या स्वयंपाकघरात मी लाटणं उगारून विचारलं, "अडतं कुठे?"

मी मराठीत बोलते, ती पक्क्या आयरिश इंग्रजीत उत्तर देते. या गोष्टीत तिला मीच मराठीत बोलायला लावतेय.

"आई, सगळं उलटं आहे गं. हिब्रूत शेवटी 'आ' आला की शब्द बायकी. पण तीन मुलगे म्हणजे 'श्लोशा बानिम', आणि तीन मुली मात्र नुसत्या 'शालोश बानोत'. पाच मुलगे 'खमिशा', पाच मुली 'खामेश'. मुलग्यांच्या आकड्यांना मुलींचा शेवट! अख्खा वर्ग चुकतो."

मी लाटणं खाली ठेवलं. कमरेवर हात.

"मुलगा. घोडा. शहाणा. शेवटी काय?"

"आ."

"बाई की बाप्या?"

"बाप्या."

"मग उलटं कुठे आहे? आकड्याच्या शेवटी काना दिसला की मुलगे. श्लोशा मुलगे, खमिशा घोडे. वर्ग चुकेल, तू कशाला चुकतेस?"

ती डोळे बारीक करून म्हणाली, "आणि शाळा? भाषा?"

लबाड! नक्की माझीच.

"त्या संस्कृतातल्या थोरामोठ्यांच्या लेकी. त्यांना घरचे नियम लागत नाहीत. पोळी लाट."

मग पोळ्यांच्या ढिगापाशी आम्ही मुलगे मोजले, मुली मोजल्या. पोळ्या करपल्या, आकडे पक्के झाले.

फेरपरीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा बसमधून फोन आला.

"आई, पास झाले."

हे वाक्य माझं नाही हं. ती खरोखर मराठीत बोलली, भर बसमध्ये, मोठ्यांदा.

"बाईंनी विचारलं, इथे सगळे अडखळतात, तू कशी नाही अडखळलीस? म्हटलं, माझ्या आईच्या भाषेत काना म्हणजे मुलगा."

ऑफिसात मी खुर्चीतून उठून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट शालोश मैत्रिणींना आणि खमिशा मित्रांना सांगून झाली होती. एकदाही चुकले नाही.